मॅरेथॉनवीर अबेबे बिकिला

इथिओपिया हा आफ्रिका खंडाच्या पूर्वेकडील एक डोंगराळ देश आहे. त्याची राजधानी आदिस अबाबा ही आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच अशा पठारावर वसलेली आहे. या देशातील जातो नावाच्या एका लहानशा खेड्यात ७ ऑगस्ट १९३२ रोजी एका मेंढपाळाच्या घरी अबेबे बिकिला याचा जन्म झाला. योगायोग असा की, त्याच दिवशी दूर अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथे, ऑलिंपिक स्पर्धांतील मॅरेथॉनची शर्यत धावली जात होती. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची शर्यत. मेंढपाळाच्या झोपडीत त्या दिवशी या शर्यतीचे नावही कोणास ठाऊक नसेल.

अबेबेचे बालपण डोंगरउतारावर गुरे राखण्यात गेले. उंचावरील हवा विरळ असते. अशा हवेत वाढलेल्या माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे तांबडे कण अधिक असतात, त्यामुळे लांबचे अंतर तोडताना त्याला लवकर धाप लागत नाही. निसर्गाची ही देणगी त्या पठारावरील सर्वच मुलांना लाभलेली होती; परंतु तिचे चीज करावयास शिस्त लागते. ती शिस्त अबेबेला सैन्यात मिळाली. ऐन तारुण्यात तो आदिस अबाबा येथे आला आणि सम्राट हाइले सेलासी यांच्या राजरक्षक दलात शिपाई म्हणून दाखल झाला. त्या दलातील जवानांना व्यायामाचे शिक्षण देण्यासाठी ओन्नी निस्कानेन नावाचे गृहस्थ स्वीडनहून आलेले होते. हा सडपातळ, अबोल शिपाई धावू लागला म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर श्रमाची रेषाही उमटत नाही, हे त्या जाणकार शिक्षकाच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी त्याला हाताशी धरले आणि डोंगरात, रस्त्यावर, कधी जोडे घालून तर कधी अनवाणी असे धावण्याचे धडे दिले.

१९६० साली ऑलिंपिक स्पर्धा इटलीच्या राजधानीत, रोम येथे भरल्या. रोमला गेल्यावर अबेबेला नवे जोडे काही केल्या नीट बसेनात. पायांना फोड येऊन शर्यत गमावण्यापेक्षा अनवाणी धावलेले बरे, असे त्याने व निस्कानेन यांनी ठरविले. १० सप्टेंबर रोजी सायंकाळी शर्यत सुरू झाली, तेव्हा या अनवाणी शिपायाकडे पाहून पुष्कळांना हसू आले असेल. हां हां म्हणता अंधार पडला. जुन्या आपियन मार्गाच्या दुतर्फा सैनिक पेटत्या मशाली घेऊन उभे होते. त्या उजेडात दोनच धावपटू सर्वांच्या पुढे दिसत होते; एक मोरोक्को देशाचा रादी बेन अब्देसलाम आणि दुसरा अबेबे.

शर्यतीच्या वाटेवर एक उंच पाषाणस्तंभ होता. तो मूळचा इथिओपियातील अक्सुम या प्राचीन नगरीचा. १९३५ साली इटलीने इथिओपियावर स्वारी केली आणि देश जिंकल्यावर १९३७ साली हा स्तंभ विजयचिन्ह म्हणून रोमला नेला. आपल्या देशाच्या त्या अपहृत स्तंभापाशी पोहोचताच वेग वाढवावयाचा, असे अबेबेने आधीच योजून ठेवले होते. त्याने तसेच केले. रादी मागे पडला आणि अबेबेने कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत शर्यत संपविली. इतक्या थोड्या वेळात तोवर जगात कोणीही मॅरेथॉन धावले नव्हते. सहाराच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय आफ्रिकेला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होय. (तो स्तंभ पुढे २००५ साली इथिओपियास परत मिळाला, परंतु ते पाहावयास अबेबे राहिला नव्हता.)

एवढी कीर्ती मिळाल्यावर अबेबेच्या आयुष्यात जो प्रश्न उभा राहिला, तो प्रत्येक थोर खेळाडूपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. शरीर जायबंदी असताना मैदानात उतरावे की उतरू नये? अबेबेला या प्रश्नाचे उत्तर एकदा नव्हे, दोनदा द्यावे लागले. आणि दोन्ही वेळची उत्तरे सारखी नाहीत.

पहिला प्रसंग १९६४ चा. ऑक्टोबरमध्ये जपानच्या राजधानीत, टोकिओ येथे, ऑलिंपिक स्पर्धा व्हावयाच्या होत्या. अबेबेची तयारी जोरात चालू होती. अशातच सप्टेंबरच्या मध्यास सराव करीत असताना त्याच्या पोटात तीव्र कळा येऊ लागल्या. आंत्रपुच्छ सुजले होते. १६ सप्टेंबर रोजी शस्त्रक्रिया करून ते काढून टाकावे लागले. शर्यत होती २१ ऑक्टोबरला. म्हणजे मध्ये उरले जेमतेम पाच आठवडे.

मुलांनो, धावणाऱ्याचे सारे बळ पायांतच असते असे तुम्हांस वाटत असेल, परंतु ते खरे नाही. प्रत्येक पावलाला धड ताठ राखण्याचे काम पोटाचे स्नायू करीत असतात आणि जोराने घेतलेल्या प्रत्येक श्वासालाही त्यांचेच साहाय्य लागते. शस्त्रक्रियेत याच भागाला छेद घ्यावा लागतो. वरची कातडी आठ-दहा दिवसांत सांधते, परंतु आतील थर बळकट व्हावयास अधिक अवधी लागतो. तेवढ्यात त्यांवर फार ताण पडला, तर आतली शिवण उसवण्याचे भय असते. त्यामुळे अबेबे टोकिओस गेला तरी धावेल की नाही, याची पुष्कळांना शंका होती.

अबेबे अंथरुणावर फार दिवस पडून राहिला नाही. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत तो हळूहळू धावू लागला आणि सप्टेंबर संपता संपता टोकिओस पोहोचला. २१ ऑक्टोबरला तो इतर धावपटूंसह शर्यतीस उभा राहिला. या वेळी त्याच्या पायांत पांढरे जोडे होते. आरंभी तो मागेच राहिला. दहा किलोमीटरपर्यंत ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क व आयर्लंडचा जिम होगन हे आघाडीवर होते, अबेबे त्यांच्या पाठीशी होता. वीस किलोमीटर झाले तेव्हा तो सर्वांच्या पुढे होता. आणि शेवटी शेवटी तर एकटाच. २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत त्याने शर्यत जिंकली. ही पुन्हा जगातील सर्वोत्तम वेळ ठरली. दुसरा आलेला इंग्लंडचा बेसिल हीटली त्याच्यामागून चार मिनिटांहून अधिक काळाने पोहोचला. क्रीडांगणात शिरल्यावर थकून पडण्याऐवजी अबेबेने हिरवळीवर व्यायामाचे प्रकार करावयास प्रारंभ केला, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. ऑलिंपिकची मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला पुरुष.

ही कथा सांगून अनेक जण मुलांना उपदेश करतात की, इच्छाशक्ती असली म्हणजे शरीराची पर्वा करण्याचे कारण नाही. मला हा उपदेश मान्य नाही. यश मिळाले एवढ्याने निर्णय योग्य ठरत नाही. अपयश आले एवढ्याने तो चुकीचाही ठरत नाही. निर्णय घेताना माणसाला काय ठाऊक होते, हे पाहिले पाहिजे. टोकिओच्या वेळी दुखणे शरीराबाहेर काढून टाकलेले होते. उरली होती ती जखम, आणि ती दिवसेंदिवस भरत चालली होती. आज थोडे, उद्या त्याहून अधिक, असे धावून पाहता येत होते आणि जखम काय म्हणते ते प्रत्येक दिवशी कळत होते. हे धाडस खरे, परंतु डोळे मिटून घातलेली उडी नव्हे.

दुसरा प्रसंग चार वर्षांनंतरचा. १९६८ च्या ऑलिंपिक स्पर्धा मेक्सिको शहरी होत्या. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. युरोप-अमेरिकेतील धावपटू तेथील विरळ हवेच्या चिंतेत होते. अबेबेला मात्र ती घरच्यासारखीच होती. साऱ्या इथिओपियाला तिसऱ्या सुवर्णपदकाची स्वप्ने पडत होती. परंतु त्याचे वय आता छत्तीस झाले होते आणि पाय पूर्वीचा राहिला नव्हता. १९६७ साली स्पेनमधील एका मॅरेथॉनमध्ये मांडीच्या मागील स्नायूस दुखापत होऊन त्याला शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. मेक्सिकोच्या वेळी डाव्या पायाच्या नडगीशेजारील बारीक हाडाला चीर गेलेली होती.

अशी चीर एकाच आघाताने पडत नाही. रोज हजारो पावलांचा भार एकाच जागी पडत राहिला आणि झीज भरून निघण्याइतकी विश्रांती मिळाली नाही, म्हणजे हाडात केसाएवढी बारीक भेग पडते. तिच्यावर एकच औषध, आणि ते म्हणजे विश्रांती. जखम चालून-धावून पारखता येते. भेगेचे तसे नाही. तिच्यावर धावणे म्हणजे ती वाढविणे होय. वाळलेल्या लाकडाला फट पडली असता त्यावर पुनःपुन्हा भार द्यावा, तसेच ते आहे.

अशा पायाने अबेबे २० ऑक्टोबर १९६८ रोजी शर्यतीस उभा राहिला. माझ्या मते तो उभा राहावयास नको होता. परंतु त्याच्या जागी आपण स्वतःस कल्पून पाहा. दोनदा जिंकलेला वीर. अंगावर एक क्रमांकाचा पट्टा. मायदेशी सम्राटापासून गुराख्यापर्यंत सारे वाट पाहत बसलेले. अशा वेळी मी धावणार नाही, असे म्हणावयास जे धैर्य लागते, ते शत्रूवर चालून जाण्याच्या धैर्याहून निराळे आहे, आणि ते शिकविणारी शाळा कोठे नाही. अबेबे धावू लागला. सुमारे सतरा किलोमीटर तो पुढच्या धावपटूंच्या बरोबरीने राहिला आणि मग थांबला. रस्त्याच्या कडेस झाला. शर्यत त्याच्यावाचून पुढे गेली. आपल्याला ती पुरी करता येणार नाही, हे ओळखून त्याने आपला देशबांधव मामो वोल्दे यास पुढे जाऊन जिंकण्यास सांगितले, असे म्हणतात. मामोने ती शर्यत २ तास २० मिनिटे २६ सेकंदांत जिंकली. इथिओपियाचे लागोपाठ तिसरे सुवर्णपदक आले, पण ते अबेबेच्या गळ्यात पडले नाही.

त्याच शर्यतीत टांझानिया देशाचा जॉन स्टीफन अख्वारी हा धावपटू गर्दीत पडला. गुडघा निखळला, खांद्यालाही मार बसला. पट्टी बांधून तो पुन्हा धावू लागला. कधी धावत, कधी लंगडत, मामोनंतर तासाहूनही अधिक वेळाने, काळोख पडल्यावर त्याने क्रीडांगणात प्रवेश केला. शर्यत पुरी करणाऱ्या ५७ जणांत तो शेवटचा. तेथे उरलेल्या थोड्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. आजही जगभर त्याची गोष्ट सांगितली जाते. त्याच्या सुदैवाने तो गुडघा बरा झाला आणि १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत मॅरेथॉनमध्ये तो पाचवा आला.

अख्वारीची गोष्ट सांगितली जाते. अबेबे सतराव्या किलोमीटरला थांबला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शाळांच्या क्रीडासंमेलनांत मी अनेक वर्षे पंच म्हणून उभा राहिलो आहे. पाय मुरगळलेला मुलगा लंगडत लंगडत दोरीपर्यंत आला म्हणजे सारे मैदान टाळ्यांनी दुमदुमून जाई, आणि त्या टाळ्यांत माझ्याही टाळ्या असत. पाय दुखू लागताच बाहेर येऊन मुकाट्याने गवतावर बसलेल्या मुलाकडे मात्र कोणी पाहत नसे. मीही पाहिले नाही. त्या मुलापाशी जाऊन बसावयास हवे होते, असे आता वाटते. अख्वारीला कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. शेवटचा येऊनही शर्यत पुरी करावयास फार मोठे मन लागते. परंतु दोनदा जगज्जेता ठरलेल्या पुरुषाने साऱ्या जगाच्या देखत रस्त्याच्या कडेस उभे राहणे, हे मला अधिक कठीण वाटते.

तो पाय पुढे बरा होऊन अबेबे पुन्हा धावला असता की नाही, हे कधीच कळणार नाही. २२ मार्च १९६९ च्या रात्री तो आपल्या छोट्या मोटारीतून जात असता ती उलटली. सकाळपर्यंत तो त्या मोटारीतच अडकून पडला होता. मानेजवळ मज्जारज्जूस इजा झाली होती आणि प्रथम हातपाय दोन्ही लुळे पडले. सम्राटांनी त्याला विमानाने इंग्लंडमध्ये, स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात पाठविले. तेथे तो आठ महिने होता. इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ त्याच्या समाचारास गेल्या. हळूहळू हातांत बळ आले, मान वळू लागली. पाय मात्र कायमचे गेले. ज्या पायांनी रोमचे दगडी रस्ते अनवाणी तुडविले, ते पाय आता चाकांच्या खुर्चीवर निश्चल पडून राहू लागले.

स्टोक मँडेव्हिल हे स्थान मात्र मोठे विलक्षण होते. दुसऱ्या महायुद्धात मज्जारज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठी डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ साली तेथे एक विभाग उघडला. औषधाइतकाच खेळही आवश्यक आहे, असे या डॉक्टरांचे मत होते. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धांना आरंभ झाला त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या स्त्रीपुरुषांच्या धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. या स्पर्धा वाढत गेल्या आणि १९६० साली त्या रोमला भरल्या. अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धांचा, म्हणजेच पॅरालिंपिकचा, आरंभ तेथून मानला जातो. अबेबेच्या अनवाणी विजयानंतर अवघ्या आठ दिवसांनी, त्याच रोम शहरात, त्या सुरू झाल्या होत्या.

अबेबेने हाती धनुष्य घेतले. १९७० साली स्टोक मँडेव्हिलच्या स्पर्धांत त्याने धनुर्विद्या व टेबल टेनिस या दोन खेळांत भाग घेतला. १९७१ साली नॉर्वे देशात अपंगांच्या स्पर्धा होत्या. तेथे त्याला पाहुणा म्हणून बोलाविले होते. पण मैदानासमोर नुसता पाहुणा म्हणून बसून राहणे त्याला कोठून जमणार? तेथेही त्याने बाण मारले, टेबल टेनिस खेळले आणि बर्फावरून कुत्र्यांनी ओढावयाच्या घसरगाड्यांच्या शर्यतीत सोळा स्पर्धकांमध्ये पहिला क्रमांक मिळविला. ज्याच्या देशात बर्फ सहसा दृष्टीसही पडत नाही, त्याने बर्फावरची शर्यत जिंकावी, ही गोष्ट मला रोमच्या विजयाइतकीच आवडते. मेक्सिकोस त्याने जखमी हाडाकडून पूर्वीचे काम मागितले होते. येथे जे हात शाबूत उरले होते, त्यांना त्याने नवे काम दिले.

१९७२ साली ऑलिंपिक स्पर्धा म्युनिक येथे भरल्या. अबेबे तेथे सन्माननीय पाहुणा म्हणून चाकांच्या खुर्चीतून गेला, तेव्हा सारे प्रेक्षागृह उठून उभे राहिले. मॅरेथॉनची शर्यत अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टर याने जिंकली. मामो वोल्दे तिसरा आला. सुवर्णपदक स्वीकारल्यावर शॉर्टर अबेबेच्या खुर्चीपाशी गेला आणि त्याने त्याचा हात हातात घेतला.

पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन अबेबे बिकिला आदिस अबाबा येथे निवर्तला. त्याचे वय तेव्हा अवघे एक्केचाळीस वर्षांचे होते. सम्राटांनी एक दिवस राष्ट्रीय शोक पाळावयास सांगितले. सैनिकी इतमामाने निघालेल्या त्याच्या अंत्ययात्रेस सुमारे ६५ हजार लोक जमले होते.